मुक्कामाची गाडी आणि मगरिबची अजान

इफ्तारला वीस मिनिटे उरलेली असतात. मिरजेतल्या एका जुन्या मोहल्ल्यातल्या घरात दस्तरखान अंथरलेला आहे. खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी, सरबताचा जग. मुले घड्याळाच्या काट्याकडे डोळे लावून बसली आहेत. सून शेवटचा घाणा तळते आहे. नेमक्या याच वेळी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून अब्बा उठतात. सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणे लावतात, खिसे चाचपतात, खुर्चीखाली काहीतरी शोधतात आणि दाराकडे चालू लागतात.

‘मुक्कामाची गाडी लागली असेल. चला, उशीर झाला.’

अब्बा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. तीसहून अधिक वर्षे ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन वीस वर्षे उलटली. शोधत असतात तो तिकिटांचा ट्रे आणि पंच केव्हाच डेपोत जमा झाला आहे. पण जत तालुक्यातल्या एका गावची मुक्कामाची गाडी संध्याकाळी सुटायची, ती अब्बांसाठी अजून रोज सुटते. आणि ती सुटण्याची वेळ म्हणजे बरोबर मगरिबच्या अजानची वेळ.

अब्बांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. घरातला हा चौथा रमजान आहे, ज्यात रोजा सोडण्याच्या घाईत एक माणूस दस्तरखानाजवळ न बसता दारापाशी उभा असतो.

(घरच्यांच्या इच्छेवरून या लेखात कोणाचीही नावे दिलेली नाहीत.)

हिशेब चुकू लागला

आजार एका दिवसात आला नाही. आधी हिशेब चुकू लागला. ज्या माणसाने उभी हयात डेपोच्या काउंटरवर रोज रात्री पै-पैचा भरणा केला, तो भाजीवाल्यासमोर सुटे पैसे हातात घेऊन गोंधळून उभा राहू लागला. पेन्शनचे पासबुक दिवसातून चार वेळा शोधले जाई. तरावीहच्या नमाजात रकाती मोजताना घोटाळा होई. मग एकच प्रश्न दहा-दहा वेळा येऊ लागला. कुणी म्हणाले, वय झाले की असे होतेच. कुणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे, ताईत बांधा. ताईत बांधला गेला. दीड वर्ष असेच गेले.

शेवटी थोरल्या मुलाने डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, थायरॉईड आणि बी-१२ जीवनसत्त्व पाहिले, मेंदूचे स्कॅन झाले. हे सारे करण्यामागे कारण असते. थायरॉईडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता, मनाचा उदासपणा, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त अशा कारणांनीही माणूस विसरू लागतो आणि त्यांवर इलाज करता येतो. अब्बांच्या बाबतीत तसे काही निघाले नाही. डॉक्टरांनी अल्झायमरचे निदान सांगितले.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या आजाराची पहिली मांडणी केली. स्मृतिभ्रंशाचे अनेक प्रकार आहेत, त्यांत सर्वाधिक आढळतो तो हाच. जगात साडेपाच कोटींहून अधिक लोक स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातल्या ज्येष्ठांची पाहणी करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीपुढच्या लोकांमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज दिला. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये ते अधिक आढळले. याचा साधा अर्थ असा की आपल्या मोहल्ल्यात, गल्लीत, वाड्यात असे एखादे घर आहेच. फक्त त्या घराचे दार लोटलेले असते.

दिवस मावळताना

स्मृतिभ्रंश झालेली बरीच माणसे दिवसभर ठीक असतात आणि संध्याकाळ झाली की बेचैन होतात. येरझाऱ्या घालतात, ‘घरी जायचंय’ म्हणतात, चिडतात, रडतात. शरीराला दिवस-रात्र कळवणारे मेंदूतले घड्याळ बिघडलेले असते. त्यात उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा साठतो, पोटात भूक असते. एरवीच्या महिन्यांत ही वेळ निभावून नेता येते. रमजानमध्ये मात्र घरातली सर्वांत गडबडीची घटका हीच. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज, मुलांची धावपळ, शेजारून आलेली इफ्तारीची ताटे, दारावरची थाप. रोजा असलेली माणसेही दिवसभराच्या तहान-भुकेने थकलेली. आणि त्याच वेळी अब्बांना गाडी पकडायची असते.

रात्रही तशीच. तरावीहहून परतणाऱ्यांचे आवाज, मग सहरीसाठी पहाटे लागलेले दिवे. मध्यरात्रीनंतर घर जागे झालेले पाहून अब्बांना सकाळ झाली असे वाटते. ते तोंड धुतात, टोपी घालतात. पुन्हा झोपत नाहीत. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ मग आणखी अवघड जाते.

सुरुवातीला घरच्यांनी समजावून पाहिले. ‘अब्बा, तुम्ही रिटायर झालात.’ अब्बांना ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे लागे. कधी ते संतापत, कधी ओशाळून खाली बसत. आणि दहा मिनिटांनी पुन्हा उठत. खरे सांगून उपयोग नाही हे कळल्यावर सुनेने दुसरी वाट धरली. ‘आज गाडी रद्द झाली, डेपोतून निरोप आलाय.’ ही मात्रा लागू पडे. पण तिच्या मनाला ते टोचत राही. रोजा म्हणजे काही केवळ पोटाचा नाही, तो जिभेचाही असतो. खोटे बोलणे सोडले नाही तर नुसत्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची स्पष्ट शिकवण आहे. आणि आपण तर रोज, नेमक्या रोजा सोडण्याच्या वेळी, सासऱ्यांशी खोटे बोलतो.

एका संध्याकाळी ती तव्यापुढून उठली, गॅस बंद केला आणि दारापाशी जाऊन तिने नुसते विचारले, ‘अब्बा, कुठली गाडी?’

अब्बा थांबले. ‘जतची. मिरज, कवठेमहांकाळ, नागज, जत.’

‘ड्रायव्हर कोण आज?’

अब्बांनी ड्रायव्हरचे नाव सांगितले. मग तो हॉर्न किती वाजवतो ते सांगितले. मग मुक्कामाच्या गावातल्या एका घराविषयी सांगितले. गाडी त्या घरासमोरच उभी राहायची. रमजानात ते एसटीतच चालत्या गाडीत खिशातल्या खजुरावर रोजा सोडत. पहाटे सहरीच्या वेळी त्या घरातली म्हातारी गाडीच्या पत्र्यावर थाप मारून हाक द्यायची, ‘कंडक्टर, उठा, भाकरी झाली.’ ज्वारीची गरम भाकरी आणि लसणाची चटणी. ती बाई मुसलमान नव्हती. पण तिच्या दारात गाडी मुक्कामाला असेपर्यंत कंडक्टरचा एकही रोजा बिनसहरीचा गेला नाही.

बोलता बोलता अब्बा दस्तरखानावर येऊन बसले होते. अजान झाली. सुनेने हातात खजूर ठेवला. त्यांनी बिस्मिल्लाह म्हणून तो तोंडात टाकला. तिला त्या दिवशी खोटे बोलावे लागले नाही आणि त्यांनाही कुणी खोटे पाडले नाही.

डॉक्टरही हेच सांगतात. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची चूक दुरुस्त करायला जाऊ नये. तो सांगतो त्या गोष्टीमागे जी भावना आहे, तिला हात घालावा. अब्बांना खरे म्हणजे गाडी नको असते. आपली कुणाला तरी गरज आहे, आपल्यावाचून काहीतरी अडले आहे, हे त्यांना हवे असते.

कुणावर रोजा, कुणावर नाही

कोकणात, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका गावात वेगळीच अडचण आहे. तिथे ऐंशी पार केलेल्या आईला मुलांची नावे आठवत नाहीत, पण रमजान आहे एवढे मात्र पक्के आठवते. ‘माझा रोजा आहे’ म्हणून ती दिवसभर पाण्याला तोंड लावत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. दोन मुलगे आखातात नोकरीला आहेत. आईजवळ असते ती एकटी मुलगी. गेल्या रमजानात आईला दोन दिवस ग्लानी आली, ती भलतेच बोलू लागली. आजार एकदम वाढला असे मुलीला वाटले. दवाखान्यात कळले की शरीरातले पाणी कमी झाले होते आणि लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला होता. सलाईन आणि औषधांनी आई पूर्वपदावर आली.

हे प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या चालीने वाढतो. माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिघडला, फार झोपू लागला किंवा फार भ्रमिष्ट झाला, तर त्यामागे बहुधा दुसरे काही असते. संसर्ग, पाणी कमी पडणे, साखर खाली-वर होणे, एखाद्या औषधाचा परिणाम. तेव्हा थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

धर्माने याबाबत मुळीच अडवलेले नाही. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची आणि ज्याला तो झेपतच नाही त्याला एका रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालण्याची सवलत पवित्र कुरआनच्या सूरह बकरामध्ये दिली आहे. यालाच फिदया म्हणतात. प्रेषितांचे सहकारी हजरत अनस (रजि.) फार वृद्ध झाल्यावर स्वतः रोजा न ठेवता दररोज एका गरिबाला जेवण देत, असा उल्लेख हदीसच्या ग्रंथात आहे. ही सवलत शरीर थकलेल्या पण शुद्धीत असलेल्या माणसासाठी. ज्याची समजच हरपली आहे, त्याच्यावर तर मुळात बंधनच उरत नाही. झोपलेला माणूस, लहान मूल आणि भान हरपलेला माणूस, या तिघांच्या कर्मांची नोंद ठेवणारी लेखणी उचललेली असते, असे हदीस सांगते. आजाराच्या मधल्या टप्प्यावर, कधी समजते कधी नाही अशा अवस्थेत काय करावे, हे आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना विचारावे. पण विचारताना डॉक्टरांचे म्हणणेही त्यांच्यापुढे ठेवावे.

त्या आईला हे मसले समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मुलीने एक गोष्ट हेरली. खजूर हातात पडला की आई रोजा सोडते. पन्नास-साठ वर्षांची हाताची सवय आहे ती. आता मुलगी सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला आईच्या हातावर बी काढलेला अर्धा खजूर ठेवते, शेजारी पाण्याचा पेला. आई दुआ पुटपुटते आणि पाणी पिते. दिवसातून चार वेळा तिचा रोजा सुटतो. विसरून काही खाल्ले-प्याले तर रोजा मोडत नाही, तो घास अल्लाहनेच भरवलेला असतो, अशी शिकवण आहे. धडधाकट माणसाच्या एखाद्या विसरीवर जिथे एवढी माया आहे, तिथे या आईची काळजी कुणी करू नये.

हाताच्या आणि ओठांच्या सवयी स्मृतिभ्रंशात फार उशिरापर्यंत टिकतात. नुकतेच घडलेले आधी पुसले जाते, लहानपणी पाठ केलेले शेवटी. म्हणून मिरजेतल्या अब्बांना सुनेचे नाव आठवत नाही, पण कुणी सूरह फातिहा सुरू केली की ते तिच्या शेवटापर्यंत सोबत म्हणतात. नातू शेजारी उभा राहिला की त्याच्याकडे पाहून रुकू, सजदा बिनचूक करतात. रकाती किती झाल्या, हे आता घरात कुणी मोजत नाही.

ती संध्याकाळ

पण मिरजेच्या या घराची गोष्ट एवढ्या सुरळीतपणे इथवर आली नाही. गेल्या वर्षीच्या रमजानात जे घडले, ते सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

थोरला मुलगा सलग सात वर्षे शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफला बसत असे. एतिकाफ म्हणजे जगाचे व्यवहार बाजूला ठेवून मशिदीत मुक्काम करायचा आणि इबादतीत दिवस घालवायचे. मोहल्ल्यात त्याबद्दल त्याचा मान होता. त्या दहा दिवसांत अब्बा, दोन मुले, सहरी, इफ्तारी, मशिदीत पाठवायचा डबा, ईदची कापडे हे सगळे एकट्या सुनेकडे. पुण्यातला धाकटा दीर पैसे पाठवायचा. कोल्हापूरची नणंद फोनवर विचारपूस करायची. सगळेच म्हणायचे, ‘भाभी, तुम्हाला फार सवाब आहे.’

तेविसाव्या रोज्याला ती भजी तळत होती. मागे वळून पाहिले तर खुर्ची रिकामी आणि दार उघडे. गल्लीत नाहीत, मशिदीच्या कट्ट्यावर नाहीत. अजान झाली. मोहल्ल्यातली पोरे तोंडात खजूर टाकून मोटारसायकलींवर चहूकडे गेली. ती स्वतः चपला न घालता एसटी स्टँडच्या दिशेने निघाली. का, ते तिलाही सांगता आले नसते.

अब्बा तिथेच होते. जतकडे जाणारी गाडी लागते त्या फलाटावर उभे राहून प्रवाशांना रांगेने चढायला सांगत होते. काही जण हसत होते. एका तरुण कंडक्टरला मात्र त्यांच्या बोलण्यावरून ओळख पटली. त्याने त्यांना ‘मामा’ म्हणून हाताला धरले, बाकावर बसवले, चहा आणि दोन केळी दिली. गाडी सुटेपर्यंत तो त्यांना ‘भरणा किती झाला’ विचारत बसला होता. सुनेला पाहताच त्याने आधी पाण्याची बाटली पुढे केली. तिच्या कोरड्या ओठांवरून रोजा असल्याचे त्याला कळले असावे. त्या अनोळखी माणसाच्या पाण्यावर तिने रोजा सोडला आणि मग फलाटावरच बसून रडली.

निरोप मिळताच मुलगा एतिकाफ सोडून घरी आला. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सहरीला तिने एवढेच विचारले, ‘अब्बा कुणाचे वडील आहेत?’

सवाब सगळ्यांचा, राबणे एकीचे

हा प्रश्न अनेक घरांत विचारायचा राहून गेला आहे. आईवडिलांपैकी एक किंवा दोघे तुमच्यापाशी म्हातारे झाले तर त्यांना ‘उफ्’ देखील म्हणू नका, त्यांच्यापुढे नम्रतेने वागा, ही आज्ञा सूरह बनी इस्राईलमध्ये आहे आणि ती रमजानच्या प्रवचनांतून हमखास ऐकवली जाते. पण ही आज्ञा लेकरांना आहे. सासू-सासऱ्यांची सेवा हे सुनेवरचे बंधन नाही, तो तिचा चांगुलपणा आहे, उपकार आहे, असे धर्मशास्त्राचे जाणकार सांगतात. प्रत्यक्षात मात्र मुलगे सवाबच्या गोष्टी करतात आणि अंथरूण सून बदलते. जिथे सून नाही, तिथे मुलगी किंवा पत्नी. परदेशातले भाऊ व्हिडिओ कॉलवर ‘आई बारीक का दिसते’ म्हणून विचारतात, तेव्हा कोकणातल्या त्या मुलीच्या पोटात तुटते. ती स्वतः शेवटची पोटभर कधी झोपली, हे कुणी विचारत नाही.

सेवेला सवाब आहे, हे खरेच. पण हा शब्द कधीकधी पांघरुणासारखा वापरला जातो. त्याखाली एका बाईचा थकवा, तिची पाठदुखी, तिची चिडचिड आणि त्या चिडचिडीबद्दल तिला वाटणारा अपराध हे सारे झाकून टाकता येते. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला सांभाळणाऱ्यांना झोप न मिळणे, उदासी, रक्तदाब वाढणे असे त्रास होतात, हे डॉक्टर नेहमी पाहतात. सांभाळणाराच कोसळला तर आजारी माणूसही उघडा पडतो.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. ज्याला रमजानचा महिना लाभला आणि तरी क्षमा मिळवता आली नाही, त्याच्या आणि ज्याला म्हातारे आईवडील लाभले आणि तरी जन्नत कमावता आली नाही, त्याच्याही दुर्दैवाबद्दल प्रेषितांनी एकाच वेळी हळहळ व्यक्त केली आहे. रमजान आणि म्हातारे आईवडील, दोन्ही संधी शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. एकीसाठी दुसरी सोडावी असे त्यात कुठेही नाही. आईच्या सेवेत गुंतल्यामुळे हजरत उवैस करनी यांना प्रेषितांच्या भेटीला जाता आले नाही, असे परंपरा सांगते. तरी त्यांचे नाव आजवर आदराने घेतले जाते.

मिरजेतल्या मुलाने यंदा रमजानच्या आधीच भाऊ-बहिणीला बोलावून घेतले. मशिदीच्या इमामांशीही तो बोलला. एतिकाफला वस्तीतून एकजण जरी बसला तरी सगळ्या वस्तीच्या वतीने ती सुन्नत पुरी होते. अब्बांजवळ बसायचे मात्र शेजाऱ्याच्या वतीने होत नाही. यंदा मोहल्ल्यातून दुसरे दोघे एतिकाफला बसणार आहेत. हा घरी आहे.

वाटणी झाली ती अशी. दुकान साडेपाचला बंद करून मुलगा घरी येतो. असर ते मगरिब अब्बा त्याचे. उजेड असतानाच तो दोन्ही दिवे लावतो, म्हणजे सावल्या पडत नाहीत. अब्बांना पाच वाजताच चहा-बिस्किटे दिली जातात. मग बाप-लेक कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत चालून येतात. ‘ड्युटी’ झाल्यासारखे अब्बा परत फिरतात. तरावीहला एक दिवस मुलगा जातो, एक दिवस सोळा वर्षांचा नातू. इशानंतरचा एक तास सुनेचा. त्या तासात तिला कुणी हाक मारायची नाही, मग ती नमाज पढो, कुरआन वाचो की नुसती पडून राहो. धाकट्याने शेवटच्या दहा दिवसांतले पाच दिवस रजा टाकली आहे. नणंद दर रविवारी येते आणि अब्बांची आंघोळ, नखे, दाढी तिच्याकडे. पैसे आधीही येत होते. आता माणसे येतात.

अब्बा बरे झालेले नाहीत. ते होणारही नाहीत. परवा त्यांनी मुलालाच ‘पुढं सरका’ म्हणून दटावले. पण सून म्हणते, या रमजानात ती एकदाही त्यांच्यावर ओरडली नाही.

घरच्यांनी एवढे करावे

रमजान आहे म्हणून औषधांच्या वेळा आपल्या मनाने बदलू नयेत, आणि रात्री शांत झोपावेत म्हणून झोपेची गोळी परस्पर देऊ नये. खजुराची बी काढूनच तो हातात द्यावा. गिळायला त्रास होत असेल तर कुस्करून. इफ्तारच्या वेळी आजारी माणसाजवळ एकजण ठरलेला असावा, आणि तो स्वयंपाक करणारा नसावा. खिशात पत्ता आणि दोन फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी शिवून ठेवावी, दाराला घंटी बांधावी. वुजूची जागा कोरडी ठेवावी. सहरीला त्यांच्या खोलीतला मोठा दिवा लावू नये.

मोहल्ल्यातल्या दुकानदारांना, रिक्षावाल्यांना, मशिदीतल्या मुलांना आजाराबद्दल उघडपणे सांगून ठेवावे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तर सांभाळणाऱ्याचे मन थकले असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलता येते. दोन्ही सेवा मोफत आहेत. आईवडिलांच्या देखभालीची जबाबदारी मुलांवर टाकणारा कायदा २००७ पासून आहे. पण घरातली वाटणी कायद्याने होत नाही. ती सहरीच्या ताटावर बसूनच करावी लागते.

ईद आता जवळ आली आहे. शीरखुर्म्याच्या निमित्ताने नातलग घरोघर जातील. अशा घरी गेलात तर म्हाताऱ्या माणसापुढे उभे राहून ‘मला ओळखलंत का?’ असे विचारू नका. ती परीक्षा त्यांना देता येत नाही आणि आपण नापास झालो एवढे मात्र त्यांना कळते. आपले नाव आपणच सांगा, हात हातात घ्या, सलाम करा. ते गाडीची गोष्ट काढतील तर गाडीची ऐका. आणि तासभर वेळ असेल तर घरातल्या बाईला सांगा, ‘तुम्ही जाऊन माहेरच्यांना भेटून या, तोवर मी बसतो.’

मिरजेच्या त्या घरात यंदा अब्बांसाठी ईदचा नवा सदरा शिवायला टाकला आहे. सुनेने शिंप्याला सांगून त्याला एक खिसा जास्तीचा ठेवायला लावला आहे, सुट्या पैशांसाठी.